कटनंतरचा चेहरा

"थांबलो? छे हो. मी कशाला थांबू?" असं तो चौऱ्याऐंशी वर्षांचा नट मोबाइलच्या पडद्यावर म्हणाला आणि चिकट्याच्या हातातलं सोललेलं अंडं निसटून सिंकमध्ये पडलं. फुटलं नाही, दोनदा उसळलं आणि जाळीपाशी जाऊन बसलं. चिकट्याने ते उचललं नाही. ओल्या बोटाने मुलाखत मागे नेली, पुन्हा लावली. मुलाखत घेणारी मुलगी गोड आवाजात विचारत होती, "'धक्क्यावरचं घर'चा एकोणिसावा भाग. घरमालकीण तुम्हाला विचारते, तुमची कुणी वाट बघतंय का? आणि तुम्ही अकरा सेकंद काहीच बोलत नाही. मग म्हणता, हो. लोक आजही त्या अकरा सेकंदांबद्दल बोलतात. काय चाललं होतं तुमच्या मनात?" नट खुर्चीत मागे रेलला. त्याला प्रश्नच कळला नव्हता, हे त्याच्या भुवयांवरून दिसत होतं. "थांबलो? छे हो. मी कशाला थांबू? तिने विचारलं, मी हो म्हटलं. दोन दिवसांचं काम होतं ते. पाहुण्याची भूमिका. लादी ओली होती, बूट करकरत होते, एवढं आठवतं. माणसं बरी होती. चहा कोमट. आणि खरं सांगू का, मालिका मी पुढे कधी पाहिलीच नाही." मुलगी हसली. काय करावं ते न कळून हसतात तशी.

चिकट्या स्टुलावर बसला. बहात्तराव्या वर्षी माणसाला चिकट्या म्हणणारं कुणी उरत नाही, पण मनातल्या मनात तो स्वतःला अजून त्याच नावाने हाक मारायचा. नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे टीव्ही केंद्रातले संकलक, आणि हा त्यांचा सहायक. तेव्हा मालिका फिल्मवर व्हायच्या. मास्तर फिल्मच्या पट्टीवर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलने खूण करायचे, हा तिथे कापायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचा. दिवसाला शंभर-दीडशे जोड. बोटांवर गोंदाचा असा थर बसायचा की घरी आल्यावर बायको म्हणायची, आधी हात घासा आणि मग पोरीला घ्या, नाहीतर सोडवायला मला हाका माराल. पोरगी, म्हणजे ठकी, तेव्हा वर्षाचीही नव्हती. मास्तर गेले, बायको गेली, केंद्राची ती इमारतही पाडून झाली, आणि त्या एकोणिसाव्या भागातले अकरा सेकंद मात्र राहिले. ते अकरा सेकंद चिकट्याचे होते. नटाचे नव्हते, दिग्दर्शकाचे नव्हते, मास्तरांचेही नव्हते. ही गोष्ट आता जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्याचं अंडं आत्ता सिंकमध्ये पडलेलं होतं.

मोबाइल थरथरायला लागला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. 'धक्केकरी' जागे झाले होते. 'धक्केकरी' म्हणजे मालिकेच्या चाहत्यांचा गट, चारशेवर माणसं, आणि गट उघडला होता ठकीने, म्हणून सगळे तिला घरमालकीण म्हणायचे. बापाला तिनेच गटात घातलं होतं, "वाचा नुसतं, तुम्हाला बोलायला कोण सांगतंय" असं म्हणून. त्याने कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता तो वाचत होता. *म्हातारपण आहे हो. माझे सासरे मला मोलकरीण समजतात, मी काय जीव देते का?* त्याखाली: *विसरला नाही, माज आहे. आम्ही अर्धं आयुष्य वाहिलं आणि याला चहा आठवतोय!* त्याखाली एक दंतवैद्य, नेहमीप्रमाणे शांतपणे: *उलट ही थोरवी आहे. ज्याच्या हातून घडलं त्याला आपण काही केलं हे माहीतच नाही.* लगेच एक बसचालक: *डॉक्टर, थोरवी तुमच्या दवाखान्यात ठेवा. येत्या रविवारी त्याचा सत्कार आहे, त्याचं बोला. मी त्याच्यासाठी खुर्च्या मांडणार नाही.* आणि मग, सगळ्यांच्या वरताण, गणिताचे सर: *आणि बॅग? अकरा सेकंद हातात बॅग नसते, तिचं काय? तीही कोमटच होती काय?*

बॅग वाचून चिकट्याला हसू फुटलं, एकट्याने, स्वयंपाकघरात. एकोणिसाव्या भागातला पाहुणा बोटीतून उतरतो तेव्हा त्याच्या हातात बॅग असते. घरमालकीण प्रश्न विचारते तेव्हा असते. तो हो म्हणतो तेव्हाही असते. मधले अकरा सेकंद नसते. या न-बॅगेवर सरांनी सोळा पानी लेख लिहिला होता. माणूस मनातलं ओझं खाली ठेवतो तेव्हा ते दृश्यातूनही जातं, अशी धाडसी योजना टीव्हीवर तोवर कुणी केली नव्हती, असं त्यात होतं. चिकट्याने तो लेख दोनदा वाचला होता. दुसऱ्यांदा वाचताना तो त्याला पटला होता. ही मोठी विलक्षण गोष्ट होती: आपण केलेल्या चुकीचा अर्थ दुसऱ्याने सांगावा आणि आपल्याला तो पटावा, जणू चूक करतानाच तो अर्थ तिथे होता आणि आपली बोटं नुसती

(इथे मास्तरांनी पिवळी खूण केली असती. इथे कापायचं, आणि पुढचं टोक पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी दुपारी जोडायचं.)

नुसती घाईत होती, कारण पाच वाजता भाग तयार करून पुढे द्यायचा होता आणि मास्तर तापाने घरी झोपले होते. भाग सव्वीस मिनिटांचा हवा, एक सेकंद इकडे नाही, एक सेकंद तिकडे नाही. सकाळी चिकट्याने शेवटचं रीळ डोळ्याला लावून पाहिलं तर एका दृश्याच्या कोपऱ्यात काळी वळवळती रेघ. गेटमध्ये केस. कॅमेऱ्याच्या ज्या चौकटीतून फिल्म जाते तिला गेट म्हणायचे, आणि तिथे एखादा केस, एखादा धागा अडकला की पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसतो. तेवढा तुकडा टाकून द्यावा लागला. तुकडा होता अकरा सेकंदांचा. आता अकरा सेकंद आणायचे कुठून? भिंतीलगत कापडी पेटी होती, तिच्यावर खिळ्यांची रांग, आणि खिळ्यांना उरलेल्या पट्ट्या टांगलेल्या. एकेक उतरवून पाहिली. समुद्र नको, तो आधीच फार होता. घरमालकिणीचे हात नकोत, नखांचा रंग बदललेला. आणि मग ती पट्टी हाताला लागली, जवळजवळ सात फूट लांब, त्याच्याहून उंच. कॅमेरामनला एक खोड होती, कट म्हटल्यावर तो कॅमेरा लगेच थांबवायचा नाही, मनाशी दहा-बारा मोजायचा आणि मग थांबवायचा. का, विचारलं तर म्हणायचा, "असू दे रे, कधी लागलं तर." पट्टीत पाहुणा होता. कट झालेला होता. बॅग खाली ठेवलेली होती. आणि नट, आता आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीने, डावीकडे कुठेतरी बघत उभा होता.

मास्तरांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते पक्के. त्यातला एक: कटनंतरचा चेहरा वापरायचा नाही. "तो चेहरा नटाचा नसतो, माणसाचा असतो," मास्तर म्हणायचे. "त्याने आपल्याला दिलेला नाही तो. त्याला हात लावायचा नाही." चिकट्याने हात लावला. सव्वाचार वाजले होते. घरमालकिणीचा प्रश्न, मग पट्टी, मग 'हो'. पट्टी मुकी होती, कारण कट म्हटल्याबरोबर ध्वनिवाला यंत्र बंद करायचा. मग आवाज म्हणून त्याने खोलीचा आवाज घातला. ही एक वेगळीच रीत असते, बाहेरच्यांना ती माहीत नसते. प्रत्येक जागेचं चित्रण संपलं की ध्वनिवाला ओरडतो, "खोली!" आणि तिथली चाळीसेक माणसं, दिवे धरणारे, रंगभूषावाले, नट, चहा देणारी बाई, जिथे असतील तिथे अर्धा मिनिट पुतळ्यासारखी उभी राहतात, आणि तो रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घेतो. रिकामी खोली म्हणायची, पण ती रिकामी नसतेच. चाळीस माणसं श्वास आवरून उभी असतात. तो आवाज चिकट्याने पट्टीखाली घातला, संकलनाच्या टेबलाचं चाक फिरवलं, आणि पाहिलं.

पहिल्या सेकंदाला वाटतं हा उत्तर शोधतोय. तिसऱ्याला कळतं की शोधत नाही. पाचव्याला चेहऱ्यावरून काहीतरी उतरतं, आणि उतरल्यावर लक्षात येतं की आजवर पाहिलेल्या सगळ्या चेहऱ्यांवर ते होतं. सातव्याला खालचा ओठ जरासा सुटतो. नवव्याला डोळे खाली. दहाव्याला पुन्हा वर, पण आपल्याकडे नाही, कुणाकडेच नाही. अकरा. हो. चिकट्याने चाक थांबवलं आणि खोलीत उभा राहिला. त्याला आठवतं, त्याला भीती वाटली होती. एवढा मोठा प्राणी आपण पिंजऱ्यातून सोडला आणि आता तो आपल्यासमोर बसून नुसता श्वास घेतोय, अशी. बॅग नाहीये हे त्याला दुसऱ्या दिवशी भाग घरी पाहताना दिसलं. तेव्हा उशीर झाला होता. सोमवारी मास्तर कामावर आले, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चिकट्या, चहा सांग." त्या अकरा सेकंदांबद्दल पुढे मरेपर्यंत एक शब्द नाही. ही शिक्षा होती की शाबासकी, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि असंच काहीतरी न कळलेलं पोटात ठेवून तो चार वर्षांपूर्वी ठकीबरोबर धक्केकऱ्यांच्या मेळाव्याला

(खूण.)

मेळाव्याला गेला होता, शेवटच्या रांगेत, थंडी नसताना मफलर गुंडाळून. एका शाळेचं सभागृह. एकोणिसावा भाग पडद्यावर. घरमालकिणीने प्रश्न विचारला आणि त्या अंधारात खुर्च्यांचा एकदम आवाज झाला. सगळे उठून उभे राहिले होते. त्यांची रीतच होती ती, पण ठकीने त्याला आधी सांगितलं नव्हतं. अडीचशे माणसं, काठी टेकणारी, लेकरं कडेवर घेतलेली, दंतवैद्य, बसचालक, गणिताचे सर, अकरा सेकंद, जागच्या जागी, श्वास आवरून. आणि स्पीकरमधून येत होता तो आवाज, रिकाम्या खोलीचा, ज्यात चाळीस माणसं तशीच उभी होती. या अडीचशेंना त्या चाळिसांची काही कल्पना नव्हती. त्या चाळिसांतले बरेचसे मरून गेले होते. मध्ये चार दशकं, आणि दोन्हीकडे माणसं सारखीच उभी. चिकट्या तेवढा बसलेला. त्याचे पाय उठेचनात. शेजारच्या आजीबाई नंतर फणकारल्या, "उठता येत नसेल तर तसं सांगावं माणसाने, आम्ही धरलं असतं." त्याला सांगायचं होतं, आजी, मला उठण्याचा अधिकार नाही. की मलाच आहे? त्याने मफलर वर ओढला.

मोबाइल पुन्हा थरथरला. आता एकच संदेश, लांबलचक. घरमालकीण लिहीत होती.

*भांडू नका. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही, घरातही नाही. सतरा वर्षांची असताना मी घर सोडून गेले होते. तेवीस दिवस. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबा बोलायचे बंद झाले होते. हं, बरं, ठेव तिथे, एवढंच. मला वाटलं, मी नसले तरी यांना चालेल. तेविसाव्या दिवशी एका बसआगाराच्या उपाहारगृहात बसले होते, वर टीव्ही चालू होता, दुपारी जुन्या मालिका दाखवत तशी ही. मालकिणीने विचारलं आणि हा माणूस गप्प. टीव्हीवर मी ज्या कुणाला पाहिलं होतं ते सगळे मला काही ना काही दाखवत असायचे. हा काहीच दाखवत नव्हता. माझ्या बाबांचं तोंड जेवताना असंच असतं. मला वाटलं हा आता नाही म्हणणार. आणि मग एकदम कळलं की नाही, हा हो म्हणणार. याच तोंडाने हो म्हणणार. तो म्हणेपर्यंत मी थांबले नाही. समोर बस उभी होती, तीत जाऊन बसले. आता पाहुणे सांगतात, ते थांबलेच नव्हते. मग मी कुणाकडे बघून घरी आले, एवढं मला कुणीतरी सांगा.*

  चिकट्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. अठ्ठावीस वर्षं तो समजत होता की ती भुकेने परत आली. मंगळवार होता, दुपार. तो बटाटे सोलत होता. दार उघडंच असायचं तेव्हा, त्या तेवीस दिवसांत त्याने ते एकदाही लावलं नव्हतं. ती आत आली, कपड्यांना डिझेलचा वास, केसांच्या जटा. त्याच्या तोंडून शब्द निघाले ते, "हात धुऊन घे." तिने धुतले. दोघं जेवली. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारू, म्हणाला. मग पुढच्या आठवड्यात. मग एवढा उशीर झाला की विचारणं म्हणजे बरी झालेली जखम उकरणं. आणि आता हे. ती पोटात असतानाही नाही, पाळण्यात असताना, बापाने एका घाईच्या गुरुवारी दोन टोकं जोडली, आणि ती जोड सोळा वर्षं कुठे कुठे फिरून, कुठल्याशा आगारात, भिंतीवरच्या धुरकट टीव्हीतून, तिच्यावर येऊन पडली. पत्रावर पत्ता नाही, नाव नाही, पत्र आहे हेसुद्धा लिहिणाऱ्याला माहीत नाही. आणि ते पोचलं.  चिकट्याने ओट्याची कडा धरली. आणि त्याच दमात दुसरी गोष्ट, थंडगार: हे सांगितलं तर काय होईल? ज्याच्याकडे बघून ती आली तो माणूस तसा कधी उभाच नव्हता, असं तिला कळलं, तर ती आलेली राहील का? मूर्खासारखा विचार. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं घर, महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते, दर रविवारी सकाळचा वर्ग आटपून पाव घेऊन इथे येते. ती काय आता अठ्ठावीस वर्षं मागे जाणार होती? पण त्याला दिसत होतं ते तेच. उघडं दार आणि दारात कुणी नाही.

किल्ली फिरली. ठकी आत आली, केस ओले, अंगाला तलावाच्या औषधाचा वास, बगलेत पाव. बुटांवरून पाणी झाडत तिने थेट स्वयंपाकघर गाठलं आणि सिंकमध्ये डोकावली.

"बाबा, हे अंडं काय करतंय इथे?"

"पोहतंय. तुझ्या वर्गात घाल."

"फी भरायला सांगा त्याला." तिने अंडं धुऊन ताटलीत ठेवलं. डोळे सुजले होते. तलावातल्या पाण्याने सुजतात तसे नव्हेत. "वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग आता असं करू नका. हं म्हणून गप्प बसू नका. तुम्ही तिथे कामाला होता. तो थांबला होता ना? एवढंच सांगा. मी गटावर लिहिते, माझे बाबा तिथे होते, त्यांनी पाहिलंय, विषय मिटला. म्हाताऱ्याचा सत्कारही होईल, बिचाऱ्याचा."

किती सोपं होतं. एक शब्द. चिकट्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या शिटीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाही थांबला. खरं बोलतोय तो."

मग त्याने सांगितलं. वाईट सांगितलं, उलटसुलट, आधी बॅग, मग केस, मग मास्तरांचा ताप, मध्येच कॅमेरामनची खोड आणि श्वास आवरून उभी ती चाळीस माणसं. सांगताना त्याची बोटं हवेत कापत होती आणि जोडत होती. ठकी उभीच होती. पाव अजून बगलेत.

"म्हणजे कचऱ्यातला तुकडा होता तो," ती म्हणाली.

"कचऱ्यातला नाही. कचऱ्याचा डबा वेगळा असतो. ही टांगायची पेटी."

"बाबा!"

"बरं. कचऱ्यातला."

"आणि तुम्ही हे मला आज सांगताय? मी त्या माणसाला सहा पत्रं लिहिली. सहा! त्याला कळतच नसेल ही बाई कशाबद्दल बोलतेय. मी दर वर्षी अडीचशे माणसं उभी करते, बाबा. कशासाठी? तो नट चहाची वाट बघत होता म्हणून?"

"तुला आवडायचं ते," चिकट्या म्हणाला. "म्हणून नाही बोललो."

"मग मला कुणी बोलावलं?" तिने एकदम विचारलं, अगदी हळू. "तुम्ही?"

हा प्रश्न त्याच्यासमोर ताटात वाढल्यासारखा आला. हो म्हटलं असतं तर कुणी नाही म्हणणार होतं? अठ्ठावीस वर्षं मुका राहिलेल्या बापाला फुकटात मिळत होतं सगळं. आणि ते अगदी खोटंही नव्हतं. पण त्या गुरुवारी ठकी त्याच्या मनातसुद्धा नव्हती. मनात घड्याळ होतं.

"नाही गं," तो म्हणाला. "मी कुणाला बोलावलं नव्हतं. अकरा सेकंद कमी पडत होते."

ठकी स्टुलावर बसली. पाव मांडीवर ठेवला. चिकट्याला वाटलं, आता ही उठेल आणि जाईल. ती रडेल असंही वाटलं. ती समोरच्या फरशीकडे बघत राहिली आणि मग एकेक बोट मिटत मोजायला लागली, लहानपणी पाढे म्हणताना मोजायची तशी. "कॅमेरावाल्याने मोजत राहायचं. मास्तरांना ताप यायचा. ती चाळीस माणसं गप्प उभी राहायची. त्या नटाचं लक्ष नको. तुम्हाला घाई हवी. सोळा वर्षांनी कुणीतरी तोच भाग लावायचा, त्याच दिवशी. आगारातल्या माणसाने टीव्ही बंद करायचा नाही." बोटं थांबली. "आणि या सगळ्याच्या आधी तो केस. बाबा, कुणाच्या तरी डोक्यावरचा एक केस गळला. म्हणून मी घरी आले."

"हो," चिकट्या म्हणाला.

"यातल्या एकालाही माहीत नाही."

"कुणालाच नाही."

तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, डोळे मोठे, आणि ती त्या लहानशा स्वयंपाकघराकडे, नळाकडे, ताटलीतल्या अंड्याकडे, बापाच्या बोटांकडे असं बघत होती की जणू कुणीतरी छप्पर उचलून नेलं आणि वर एवढं आभाळ होतं हे तिला आत्ता दिसलं. चिकट्याला ते आभाळ तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तो स्वतः पंचेचाळीस वर्षं त्याच्याखाली उभा होता, एकटा, मफलर गुंडाळून. आता दोघं होती. तिने मोबाइल काढला, भराभर काहीतरी लिहिलं, आणि तो न विचारता त्याच्यापुढे धरला. *पाहुणे खरं बोलतात. ते थांबले नव्हते. त्या चेहऱ्याची गोष्ट त्याहून मोठी आहे, ती माझे बाबा रविवारी सांगतील. सत्कार होणार. खुर्च्या मीच मांडेन.* खाली बसचालकाचं उत्तर आलंसुद्धा: *ताई, चिडू नका हो. मांडतो मी खुर्च्या.*

"मी बोलणार? अडीचशे माणसांपुढे?" चिकट्या म्हणाला.

"आज बोललात की."

तिने पाव कापायला घेतला. पाठ त्याच्याकडे होती. ओल्या केसांचं पाणी सदऱ्यावर उतरत होतं.  हे आत्ता विचारलं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे त्याला कळत होतं, आणि विचारायला अठ्ठावीस वर्षं उशीर झालाय, हेही.

"ठकी," तो म्हणाला. "तू होतीस कुठे?"

"कधी?"

"तेवीस दिवस."

सुरी थांबली. ती वळली नाही. "आत्ता विचारताय?"

"आत्ता."

ती वळली. पावाचे तुकडे तसेच सोडून तिने स्टूल ओढलं, त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. "पहिल्या दिवशी मी कुठेच गेले नाही," ती म्हणाली. "वर होते. या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. दिवसभर. तिथून रस्ता दिसतो. तुम्ही तीनदा बाहेर गेलात आणि तीनदा आलात. मला वाटलं, कामाला निघालात, काहीतरी विसरलात, परत निघालात. मी म्हटलं, बघा, यांचं काम काही थांबत नाही."

"त्या दिवशी मी कामाला गेलो नाही," चिकट्या म्हणाला. "पहिल्यांदा तुझ्या शाळेत गेलो. मग तुझ्या मैत्रिणीकडे, ती गोबऱ्या गालांची, तिच्याकडे. तिसऱ्यांदा कुठे जायचं ते सुचेना. नुसता कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उभा राहिलो."

"दिसलात. बराच वेळ उभे होता."

"तू टाकीमागे होतीस."

"हो."

ओट्यावर दुपारचं ऊन आलं होतं. दोघं समोरासमोर होती, जणू त्या एका रस्त्याच्या दोन टोकांना. मग ठकीने नाक पुसलं, शिटी गळ्यातून काढून बाजूला ठेवली, आणि म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मात्र मी खाली उतरले," आणि चिकट्या पुढे झुकला, कारण अजून बावीस दिवस होते आणि त्यातला एकही त्याला माहीत नव्हता.